कोणत्या दारावर टकटक करायची?

सूरह नूरच्या 58व्या आयतीवर आमच्या वस्त्यांत बयान क्वचितच ऐकू येते. फजरपूर्वी, दुपारच्या विश्रांतीला आणि इशानंतर, या तीन वेळी घरातल्या लहान मुलांनीही परवानगी घेऊन आत यावे, असे ती आयत सांगते. म्हणजे घरातला एकांत हा श्रीमंतांचा चोचला नाही. मग दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे निजतात, तिथे मुलाने कोणत्या दारावर टकटक करायची?

‘घर लहान असले तरी मन मोठे हवे’ असे आम्हांला ऐकवले जाते. ऐकवणाऱ्यांच्या घरात सहसा तीन खोल्या असतात. आमची पोरे रात्री बारापर्यंत नाक्यावर उभी दिसली की समाज बिघडला म्हणून हळहळणारेही हेच. पोरगा नाक्यावर असतो, कारण घरात पाठ टेकायला जागा नसते. भिवंडीत तर यंत्रमाग कामगार पाळीपाळीने एकाच खोलीत झोपतात. मुलीला मात्र नाकाही नाही. टीव्ही बंद झाल्यावर ती पुस्तक उघडते आणि कपडे बदलायला मोरीत जाते. हिला अभ्यासाची गोडी नाही, असे मग आम्हीच म्हणतो.

1992-93च्या दंगलींनंतर मुंबईतून अनेक कुटुंबे जीव मुठीत धरून मुंब्र्याला आली. भीतीपोटी मिळेल तो ब्लॉक घेतला, खिडकी कुठे उघडते ते पाहिले नाही. ते समजण्यासारखे आहे. पण सरकारनेही तेच करावे? झोपडपट्टी पुनर्वसनातले घर 225 चौरस फुटांचे होते, मग 269 झाले, आता 300 आहे. फूट वाढले, पण उजेडाचे काय? मानखुर्द-गोवंडीतील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास 2018 मध्ये पुढे आला. इमारती एकमेकींना इतक्या खेटून, की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोहोचत नाही आणि क्षयरोग तिथेच अधिक आढळला.

उरलेली एकुलती खिडकी आम्ही पर्द्याच्या नावाखाली चादर लावून बंद करतो. कोकणातल्या आमच्या जुन्या घरांना ओटी, माजघर आणि मागे परसू असे. पाहुणा ओटीवर बसे आणि बाईला परसात मोकळे आकाश मिळे. पर्दा घराच्या रचनेतच होता, त्यासाठी बाईची हवा तोडावी लागत नव्हती.

मशिदीच्या मिनाराला वर्गणी मागितली की आमचे हात सैल सुटतात. ते सुटोत. पण नवी इमारत उठताना बिल्डरला दोन इमारतींतले अंतर विचारायला जमातीचा एकही जबाबदार माणूस जात नाही, हे आम्हांला मान्य नाही. त्याने जावे. संध्याकाळी रिकामा पडणारा मदरशाचा हॉल अभ्यासासाठी उघडावा आणि त्यात मुलींची वेळ आधी ठरवावी. एवढेही होणार नसेल, तर तरुण पिढीच्या अधःपतनावरची भाषणे तरी बंद करा.