हक्कसोडाआधी हिशेब मांडा

पुण्यात फ्लॅट बघून ठेवलेला असतो, डाउन पेमेंटला वीस लाख कमी पडतात आणि गावाकडे आजोबांच्या वेळचं घर कुलूप लावून उभं असतं. ते विकावं का, असं मला सतत विचारलं जातं. तिथे कोणी राहणार नसेल तर जरूर विकावं. दर पावसाळ्यात कौलं फुटतात, वाशांना वाळवी लागते. इकडे 50 लाखांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं महिना 43 हजारांचा हप्ता बसतो. कर्ज 30 लाखांवर आलं तर हप्ता 26 हजार होतो. भावनेपोटी घर पडू देण्यात वाडवडिलांचा मान राहत नाही.

माझा आक्षेप आहे तो विकण्याच्या रीतीला. गिऱ्हाईक ठरलं की बहिणीला निरोप जातो, ‘एक सही करून जा.’ ती येते, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर अंगठा आणि सही देते, साडी घेऊन परत जाते. माहेर तुटू नये म्हणून ती रकमेबद्दल बोलत नाही. अनेक सातबाऱ्यांवर लेकींची नावं भावांच्या ओळीत नसतातच, ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकललेली असतात. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर त्यांच्या हिश्श्यात लेक 1956 च्या कायद्यापासूनच मुलाइतकी वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीने तिला जन्मापासूनचा हक्क मिळाला आणि त्यासाठी त्या वर्षी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं.

न्यायाची गोष्ट घडीभर बाजूला ठेवा, नुसता पैशांचा हिशेब मांडा. वडिलांमागे आई, भाऊ आणि बहीण असे तीन वारस आहेत, घर 60 लाखांना जातंय. दोघींनी हक्क सोडला की सगळा भांडवली नफा भावाच्या नावावर येतो आणि त्याचा करही. तिघांनी मिळून खरेदीखतावर सह्या केल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला 20 लाख येतात आणि कर आपापल्या हिश्श्यापुरता लागतो. बहीण तिच्या वाट्यातला नफा स्वतःच्या घरात गुंतवून करसवलत घेऊ शकते. आईला दुसरं उत्पन्न नसेल तर मूळ करमुक्त मर्यादेइतका नफा तिच्या करातून सुटतो.

घर 2001 पूर्वीचं असेल तर 1 एप्रिल 2001 ची किंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते. नोंदणीकृत मूल्यांककाकडून ती काढून घ्या. वारसा 23 जुलै 2024 च्या आधीचा असेल तर भारतात राहणाऱ्याला दोन वाटा आहेत: महागाईचा निर्देशांक न लावता साडेबारा टक्के, किंवा तो लावून 20 टक्के. समजा 2001 ची किंमत 9 लाख होती. 2025-26 या आर्थिक वर्षाच्या 376 या निर्देशांकाने ती सुमारे 34 लाख होते. मग पहिल्या वाटेने एकूण कर सुमारे 6 लाख 37 हजार, दुसऱ्या वाटेने सुमारे 5 लाख 23 हजार, उपकर वेगळा. दोन्ही आकडे काढल्याशिवाय विवरणपत्र भरू नका.

माझा आक्षेप घाईलाही आहे. पाडव्याच्या ‘ऑफर’साठी बिल्डरला टोकन देऊन मग वारसनोंदीच्या मागे लागणारे पुष्कळ दिसतात. फेरफारावर एका चुलत्याने हरकत घेतली की व्यवहार तिथेच अडतो, इकडे बुकिंगची रक्कम अडकते. करसवलतीसाठी कायद्याने विक्रीनंतर दोन वर्षांपर्यंत नवं घर घेता येतं. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर झालं नाही तर पैसे बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवायचे असतात. वेळ भरपूर आहे.

घराबरोबर शेतजमीनही निघत असेल तर मात्र थांबा. महाराष्ट्रात सहसा शेतकऱ्यालाच शेतजमीन घेता येते. शेवटचा तुकडा विकल्यावर पुढे पुन्हा जमीन घेणं फार अवघड होतं. फ्लॅटच्या हप्त्यासाठी मी तो विकायला सांगणार नाही.

आणि भावांना एक विनंती. खरेदीखताचा मसुदा वकिलाकडे जाईल तेव्हा त्यात बहिणीचं नाव, तिच्या हिश्श्याची रक्कम आणि तिचा स्वतःचा बँक खाते क्रमांक लिहायला सांगा. तिला त्यातलं काही तुम्हाला द्यायचं असेल, तर पैसे खात्यात आल्यावर ती देईल.