मौनाचे मूळ

परदेशी विद्यापीठांत शिकावयास गेलेला भारतीय विद्यार्थी गटकार्यात गप्प बसला की तेथे त्याला लाजाळू ठरविले जाते, आणि आपणांस त्याचे वाईट वाटते. भामरागडच्या पहिलीतील माडिया मुलावर हाच शिक्का आपण मारतो, त्याचे काय? घरी माडिया, म्हणजे गोंडी कुळातील द्राविडी भाषा, पुस्तकात मराठी. २०११च्या जनगणनेत गोंडीभाषकांची संख्या सुमारे ३० लाख होती. तरीही आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही.

या समाजाला चार जणांत बसून बोलता येत नाही, असे कोणी म्हणू नये. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. २००९ साली जंगलावरील सामूहिक हक्क याच गावाने मिळविला. अशा परंपरेतील पोर वर्गात मुके होते, ते भाषेपायी. गडचिरोलीतील बदली ज्यांना शिक्षाच वाटते, ते गुरुजी माडिया कधी शिकणार?

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला आहे. तेव्हा मुलांची चर्चा आधी माडियात होऊ द्यावी, निष्कर्ष मराठीत मांडू द्यावेत. आणि त्यासाठी माडिया जाणणारे स्थानिक तरुण शासनाने शाळांवर नेमावेत.