सल्ल्याचा दाम आधी ठरवा, कागदावर लिहा

यंत्रमागाच्या गावात, मग ते मालेगाव असो वा भिवंडी, सल्ल्याची टंचाई कधीच नव्हती. चहाच्या टपरीवर बसले की माग कसा चालवावा हे सांगणारे दहाजण भेटतात. परंतु आता एक नवा वर्ग पुढे येत आहे. वस्त्रोद्योगाची पदविका घेतलेले, किंवा मोठ्या गिरणीत काही वर्षे काढलेले आपले काही तरुण कारखान्यात जाऊन माग केव्हा आणि का बंद पडतो याची नोंद घेतात. त्याच मागांवर, त्याच माणसांकडून जास्त कापड कसे निघेल हे ते शिकवतात. या कामाला ते व्यवसायाचे रूप देऊ पाहत आहेत.

हे ज्ञान आपल्या देशात नवे नाही. बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन १९५४ साली निघाली, राष्ट्रीय उत्पादकता परिषद १९५८ साली. गिरण्यांनी त्याचा फायदा घेतला. चोवीस मागांच्या कारखानदाराच्या दारात मात्र हे ज्ञान क्वचितच आले. आज आपलीच मुले ते घेऊन येत असताना त्यांना दाम मिळाला नाही, तर ती सुरतेला किंवा आखातात नोकरी धरतील आणि आपले माग आहेत तसेच अडखळत राहतील. म्हणून या सेवेची बांधणी कशी असावी आणि तिचा दर कसा काढावा, याबद्दल आमचे मत आम्ही मांडत आहोत. आम्ही कापडाचे व्यापारी आहोत. दर लावणे आणि दर तोडणे, दोन्हीचा आम्हाला तजुर्बा आहे.

पहिली गोष्ट, सल्ला तासावर विकू नये. तासाचा दर सांगितला की कारखानदार घड्याळाकडे पाहतो आणि हुशार माणसाने काम लवकर उरकले तर त्यालाच कमी पैसे मिळतात. त्याऐवजी कामाचे तीन ठरीव भाग करावेत.

पहिला भाग पाहणीचा. चार दिवस, दिवसपाळी आणि रात्रपाळी धरून, वेगवेगळ्या वेळी कारखान्यात फेरी मारायची. किती माग बंद आहेत आणि कशामुळे, हे लिहायचे. धागा तुटला, कांडी संपली, बीम नाही, मुकादम दुसऱ्या मागावर अडकला, वीज गेली, असे प्रत्येक कारण वेगळे लिहून शेवटी एक पानाचा हिशेब मालकाच्या हातात द्यायचा. मालकाने पुढे काही घेतले नाही तरी हे पान त्याच्या उपयोगी पडले पाहिजे.

दुसरा भाग तीन महिन्यांचा. त्यात पाहणी, आठवड्याला एक फेरी, मुकादम व कामगारांना दोन दिवस शिकवणे आणि दर महिन्याचा हिशेब. तिसरा भाग वर्षभराच्या देखरेखीचा, महिन्याला एक फेरी. याहून जास्त भाग करू नयेत. सहा-सात प्रकार समोर ठेवले की गिऱ्हाईक "विचार करून सांगतो" म्हणते आणि परत येत नाही.

आता दर. दराला एक तळ असतो आणि एक छत. तळ सल्लागाराच्या स्वतःच्या खर्चाचा. समजा, त्याला घरासाठी महिन्याला ३०,००० आणि प्रवास, फोन, कागदपत्रांसाठी ६,००० रुपये लागतात. शुक्रवारची सुटी सोडून महिन्यात २६ दिवस धरले, तरी ते सगळे कमाईचे नसतात. गिऱ्हाईक शोधणे, हिशेब लिहिणे आणि वसुली यात दहा-अकरा दिवस जातात. उरले १५. म्हणजे दिवसाचा तळ २,४०० रुपये. या हिशेबाने पाहणीचे चार दिवस ९,६०० रुपयांचे होतात. तीन महिन्यांच्या कामात चार दिवस पाहणी, बारा फेऱ्या आणि दोन दिवस शिकवणी, असे अठरा दिवस, म्हणजे ४३,२०० रुपये. ३६,००० ला २६ ने भागून १,४०० रुपये रोज सांगणारा तरुण वर्षभरात कर्जात जाईल.

छत कारखानदाराच्या फायद्याचे. मिनिटाला १२० पिकांनी चालणारा माग बारा तासांच्या पाळीत एकदाही थांबला नाही, तर ८६,४०० पिके टाकील. इंचाला ६० पिकांचे कापड असेल तर ते ४० वार झाले. प्रत्यक्षात माग थांबतो, आणि शंभरात साठ इतकेच काम झाले तर २४ वार निघतात. साठाचे पासष्ट झाले की मागाला, पाळीला दोन वार वाढतात. चोवीस माग, दोन पाळ्या, २६ दिवस, म्हणजे महिन्याला सुमारे २,५०० वार. सोयीसाठी वाराला साडेपाच रुपये मजुरी धरली, तर १३,७५० रुपये होतात. त्यातून कामगाराची वाढीव मजुरी, वीज व इतर खर्च निम्मा काढला, तरी मालकाकडे सुमारे ६,९०० रुपये उरतात. वर्षाला ८२,००० च्या वर. अशा कारखान्याला ४३,२०० रुपये जड नाहीत, सहा-सात महिन्यांत ते वसूल होतात.

पण हाच दर आठ मागांच्या कारागिराला सांगितला तर तो हात जोडील, आणि त्याचे बरोबरच आहे. त्याचा वर्षाचा फायदा २७-२८ हजारांच्या पुढे जाणार नाही. त्याच्यासाठी दर पाडू नये, बांधणी बदलावी. एकाच गल्लीतले आठ-आठ मागांचे तीन शेजारी एकत्र आले तर एकाच फेरीत तिन्ही कारखाने पाहून होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला १४,४०० रुपये येतात. लहान कारागिरापर्यंत ही सेवा पोहोचण्याचा हाच मार्ग आम्हाला दिसतो.

"नफ्यात टक्केवारी द्या" असा सौदा सल्लागाराने करू नये. सूत महागले, बाजार पडला, तर नफा कोणाचा आणि तोटा कोणाचा यावर भांडण होईल. काही रक्कम कामाच्या फळावर ठेवायचीच असेल, तर ती बंद मागांच्या मोजणीवर ठेवावी. ती दोघांनाही करता येते. आणि गिऱ्हाईकाने दर तोडायला सांगितले, तर फेऱ्या कमी कराव्यात, दिवसाचा दर तोच ठेवावा.

एक इशारा. कामगाराला दमात घेऊन जास्त कापड काढणे याला उत्पादकता म्हणत नाहीत. कांडी वेळेवर आली आणि ताण्याला खळ नीट बसली, तर धागा कमी तुटतो आणि तोच कामगार कमी धावपळीत जास्त वार काढतो. वारावर मजुरी घेणाऱ्याच्या पाकिटात त्याचा वाटा पडला नाही, तर सल्लागार गेल्यावर आठवड्यात सगळे जुन्या वळणावर येईल.

शेवटी आमच्या व्यापारी व कारखानदार बंधूंना. आपल्याला कापड दोन-तीन महिन्यांच्या उधारीवर घ्यायची सवय आहे. तीच सवय इथे लावू नका. न विकलेला ताका परत जातो, सल्लागाराचा गेलेला दिवस परत जात नाही. मेहनताना आधी ठरवून मगच माणसाला कामाला लावावे, हे आपल्याला घरातच शिकवले गेले आहे. निम्मी रक्कम सुरुवातीला द्या, बाकीची तारीख कागदावर लिहा. तरुणांनीही उद्यम नोंदणी करून घ्यावी. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत देणे बंधनकारक आहे.

ज्यांचा वीस-पंचवीस मागांचा कारखाना आहे, त्यांनी निदान चार दिवसांची पाहणी करून घ्यावी, आणि तिचे पैसे रोख द्यावेत. आपले किती माग कशामुळे बंद असतात, हे एकदा कागदावर पाहिले की पुढचा निर्णय सोपा होईल.