विंचवाचं बिऱ्हाड, दोन चाकांवर

बेंगळुरूच्या पूर्व अंगाला के. आर. पुरम नावाचं उपनगर आहे. पूर्ण नाव कृष्णराजपुरम, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला इथे कुणाला सवड नसते. रेल्वेच्या रुळांवरून जाणारा, जाडजूड तारांनी तोलून धरलेला पूल ही इथली खूण. कामाच्या दिवशी त्या पुलाभोवती वाहनं मुंगीच्या पावलांनी सरकतात. २०२३ साली मेट्रो आली, थोडा दिलासा मिळाला, तरी संध्याकाळचे हॉर्न काही थांबलेले नाहीत.

शनिवारी पहाटे मात्र इथे वेगळंच दृश्य दिसतं. दोन-दोन, चार-चार मोटारसायकली पुलावरून जुन्या मद्रास रस्त्याला लागतात. डोक्यावर हेल्मेट, अंगात जाड जाकीट. काहीजण होसकोट्याला पहाटे मिळणारी दम बिर्याणी खाऊन आल्या पावली परततात. काहीजणांच्या मागच्या सीटवर मात्र गुंडाळी करून आवळलेला तंबू दिसतो. ही मंडळी शनिवारची रात्र कुठल्याशा माळावर, आमराईत काढणार आणि रविवारी दुपारी घरी येणार.

‘आता हे काय नवीन खूळ?’ असं घरातली वडीलधारी माणसं विचारतातच. ‘घरात गाद्यागिरद्या असताना रानात कशाला झोपायचं? आणि जायचंच तर गाडी करून जा, त्या मोटारसायकलवर कशाला?’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांपैकी जवळपास ७५ हजार दुचाकीवरची होती. ज्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं अशांची संख्या ५० हजारांहून अधिक. हे आकडे वाचल्यावर कोणत्या आईच्या पोटात गोळा येणार नाही?

माझ्या मावशीला तर आकड्यांचीही गरज नाही. १९९४ साली, उसाच्या हंगामात, काका सांगलीहून मिरजेला स्कूटरवरून येत होते. रात्रीची वेळ. पुढे उसाने भरलेली ट्रॉली, तिला मागे ना दिवा ना तांबडी पट्टी. डोक्याला हेल्मेट घालायची तेव्हा पद्धतच नव्हती. मावसभाऊ त्या वेळी सात वर्षांचा होता. पुढे तो इंजिनिअर झाला, नोकरीसाठी बेंगळुरूला आला, के. आर. पुरमला फ्लॅट घेतला, मावशीला घेऊन आला. आणि एक दिवस त्याने दारात बुलेट आणून उभी केली. मावशीने नारळ फोडला नाही की हळद-कुंकू वाहिलं नाही. चार दिवस ती मुलाशी बोललीच नाही.

पाचव्या दिवशी बोलली ती एकच वाक्य. ‘फिर कुठे फिरायचं ते, पण तिन्हीसांजेच्या आत घरात पाहिजेस.’

आईची अट रास्त होती. पण तिचा परिणाम काय झाला, तर भाऊ पहाटे अंधारात निघायचा, दीड-दोनशे किलोमीटर जायचा, तिथे जेमतेम तासभर थांबायचा आणि घड्याळाकडे बघत गाडी पिटाळत परत यायचा. परतीच्या वेळी अंग आंबलेलं, डोळे चुरचुरणारे, शहराच्या तोंडाशी ट्रकची रांग आणि डोक्यात एकच घोर, आई वाट बघत असेल. म्हणजे ज्या भीतीपोटी अट घातली, तीच भीती त्या अटीमुळे वाढत होती.

कोंडी फोडली ती वहिनीने. ती स्वतः उत्तम गाडी चालवते. एका रात्री जेवणं झाल्यावर ती मावशीला म्हणाली, ‘आई, तिन्हीसांजेच्या आत घरी यायची घाई करण्यापेक्षा, तिन्हीसांजेच्या आत मुक्कामाला पोचलो तर?’

मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मुक्काम म्हणजे कुठे? झाडाखाली?’

‘तंबूत. आणि ज्यांची जागा, त्यांना आधी विचारून.’

मला इथे वहिनीचं म्हणणं शंभर टक्के पटलं. सरकारी अहवाल सांगतात की आपल्याकडे सर्वाधिक अपघात संध्याकाळी ६ ते ९ या वेळात होतात. दिवसभराचा थकवा, मावळता उजेड आणि घरी पोचायची घाई, तिन्ही एकाच वेळी गाठतात. मुक्काम केला की या तीन तासांत गाडी उभी असते आणि माणूस चुलीपुढे बसलेला असतो. लोकांना वाटतं, रानात झोपणं हा या सहलीतला धोक्याचा भाग. खरं तर तंबू हाच सगळ्यांत मोठा सुरक्षेचा उपाय आहे, बरं का!

गेल्या वर्षी डिसेंबरात मी या दोघांबरोबर गेले. भाऊ बुलेटवर, मी वहिनीच्या मागे. निघायच्या आदल्या रात्री मावशीने गॅलरीत खुर्ची टाकून तयारीवर देखरेख केली. टायरमधली हवा, साखळीला तेल, दोन्ही ब्रेक, पुढचा-मागचा दिवा. मागच्या दिव्यापाशी ती स्वतः उठून आली आणि ब्रेक दाबायला लावून तो लागतो की नाही हे तिने दोनदा पाहिलं. आम्ही कुणीच काही बोललो नाही. सकाळी तिने डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा दिला.

होसकोट्यापर्यंत हमरस्ता. त्याच्या पुढे चेन्नईकडे जाणारा नवा द्रुतगती मार्ग सुरू होतो, पण तिथे दुचाकीला मज्जाव आहे आणि तो असायलाच हवा. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही तोच नियम आहे. आम्ही उजवीकडे मालूरचा रस्ता धरला. मालूर कौलांसाठी आणि विटांसाठी प्रसिद्ध. तिथून टेकल, बंगारपेट, बेतमंगल आणि मुळबागल तालुक्यातलं आवनी. सारं मिळून साधारण शंभर किलोमीटर. हमरस्त्याने गेलं तर दोन-अडीच तासांचं काम, पण आडरस्त्याने आम्ही दिवस घालवला.

या रस्त्यांची गंमत काय सांगावी! टेकलच्या आसपास हत्तीएवढे धोंडे एकावर एक रचून ठेवल्यासारख्या टेकड्या आहेत. रस्ता त्यांना वळसा घालत, तळ्याच्या बांधावरून, निलगिरीच्या राईतून जातो. वळणावर कसं जायचं, हे वहिनीने मला मागे बसल्या-बसल्या शिकवलं. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर ब्रेक दाबायचा नाही, नजर चाकापुढच्या खड्ड्यावर न ठेवता वळण जिथे सुटतं तिकडे ठेवायची. मागच्या माणसाने चालवणाऱ्याबरोबर कलायचं, उलट्या बाजूला अंग ताणायचं नाही. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा आणि आपली डावी बाजू सोडायची नाही. समोरून एस.टी. येईल असं समजूनच वळायचं.

आणखी एक इशारा या भागापुरता. हिवाळ्यात नाचणी कापून झाली की शेतकरी ती रस्त्यावरच पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली मळणी आपोआप होते. बस-ट्रकला त्याचं काही नाही, पण दुचाकीचं चाक त्या काडावरून असं घसरतं की विचारू नका. दुरून पिवळसर पट्टा दिसला की वेग कमी करायचा, ब्रेक हलक्या हाताने लावायचा आणि सरळ रेषेत पलीकडे जायचं. मळणी करणाऱ्या बायकांकडे बघून मान लववली तर त्या हसून बाजूला होतात.

बंगारपेटला पाणीपुरी खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा इथला अलिखित नियम आहे. तिथल्या पाणीपुरीचं पाणी साध्या पाण्यासारखं नितळ दिसतं. पण पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी येतं! याच गावाहून रेल्वेचा एक फाटा कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे जातो. शिवसमुद्रमच्या धबधब्यावर तयार झालेली वीज १९०२ साली सर्वांत आधी त्या खाणींना मिळाली. जगातल्या सर्वांत खोल खाणींत त्यांची गणना व्हायची. २००१ साली त्या बंद झाल्या.

मराठी माणसाला तर हा मुलूख परका वाटायचं कारणच नाही. १६३८ साली विजापूरकरांच्या फौजेने बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आलं. होसकोटे आणि कोलारही त्याच जहागिरीत होतं. ज्या वाटांवर आज मोटारसायकली धावतात, त्या मुलखात कधी काळी मराठी घोड्यांच्या टापा वाजल्या आहेत. त्या शहाजीराजांसारख्या कसलेल्या घोडेस्वाराचा अंत कसा झाला, हे आठवतं ना? १६६४ साली होदिगेरे इथे, शिकारीच्या वेळी, घोड्यावरून पडून. वाहन कोणतंही असो, ते कुणाचा मोठेपणा ओळखत नाही.

आवनीला पोचलो तेव्हा चार वाजले होते. इथे रामलिंगेश्वराच्या देवळांचा समूह आहे, नोळंब राजांच्या काळातला, हजार वर्षांपूर्वीचा. मागच्या डोंगरावर सीतामाईचं देऊळ. वाल्मीकींचा आश्रम इथेच होता आणि लव-कुशांचा जन्म इथेच झाला, अशी गावकऱ्यांची श्रद्धा. देवळाच्या आवारात तंबू ठोकायचा विचारही मनात आणू नये. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागेत मुक्कामाला परवानगी नसते. वनखात्याच्या हद्दीतही नाही. शिवाय या जिल्ह्याच्या सीमेलगतच्या जंगलपट्ट्यात हत्ती उतरतात. तेव्हा राहायचं ते माणसांच्या जवळ, ओळखीच्या किंवा रीतसर विचारलेल्या खासगी जागेत.

आमची सोय भावाच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या आजोळी, आमराईत झाली होती. घरची अज्जी सत्तरीची. कानडी, तेलुगू दोन्ही बोलणारी, मराठीचा गंध नाही. तंबू बघून ती खोखो हसली. ‘एवढ्याशा पिशवीत तिघं?’ असं बहुधा म्हणाली असावी. चूल मात्र तिने झाडांपासून लांब, मोकळ्या जमिनीवर मांडायला लावली. निलगिरीचा पालापाचोळा तेलकट असतो, ठिणगी पडली की भडकतो. रात्री तिने नाचणीचे गरम मुद्दे आणि पालेभाजीचं सार आणून दिलं. मुद्दा चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा, हे तिने खुणेने दाखवलं.

जवळच्या तळ्याचं पाणी उकळून चहाला वापरावं का, असं मी विचारलं, तर भावाने हात जोडले. २०१८ पासून बेंगळुरूचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोलार जिल्ह्यातल्या अनेक तळ्यांत सोडलं जातं. हजार-हजार फूट विंधन विहिरी खोदूनही कोरड्या पडलेल्या भागात भूजल वाढावं, हा हेतू. पण ते पिण्यासाठी नाही. पाणी आपलं आपण न्यावं किंवा गावातल्या पिण्याच्या नळाचं मागून घ्यावं.

सहा वाजता मावशीचा फोन आला. तिने जेवणाचं विचारलं नाही, थंडीचंही नाही. ‘गाड्या उभ्या केल्या?’

‘कधीच्या, आई.’

‘बरं,’ ती म्हणाली आणि फोन ठेवला. तीस वर्षं ज्या बाईने तिन्हीसांजेला रस्त्यावरचा आवाज कान देऊन ऐकला, तिच्या त्या ‘बरं’चं वजन आम्हा तिघांनाही कळलं. भाऊ उठला आणि उगाचच बुलेटवरचं कापड नीट करत राहिला.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरातही तंबूची मागणी आली असेल तर लगेच नकार देऊ नका. नकार दिला तर जाणारा जातोच, फक्त सांगून जात नाही. आणि न सांगता गेलेल्या माणसाला शोधायचं कुठे? त्यापेक्षा होकार द्या आणि होकाराबरोबर आपल्या अटी घाला. रस्ता लहान, वेग लहान. आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर, पट्टा आवळून. जागेच्या मालकाचा फोन नंबर घरी लिहून ठेवलेला. सामान खाली, चाकाच्या दोन्ही बाजूंना सारखं तोललेलं. खिशात रक्तगटाची चिठ्ठी आणि तोंडपाठ ११२ हा आकडा. रस्त्यात कुणी दुसरा पडलेला दिसला तर थांबायचं. मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, असं संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातच दिलं आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं, दिवे लागायच्या आत गाडी उभी.

लहानसा तंबू अडीच-तीन हजारांत येतो. तो विकत घ्यायला जाताना मुलांना एकटं पाठवू नका, तुम्हीही बरोबर जा. परतताना गाडीला मागचा दिवा नीट लागतो की नाही, तेवढं तुम्ही स्वतः बघा.