जमिनीत तोंड बघायचंय का?

मंडळी, गेले दोन महिने आमच्याकडे एकच विषय चालू आहे: जमीन. गावाकडची नव्हे! तो वाद काका आणि आत्या समर्थपणे चालवत आहेत. हा वाद न्यू जर्सीतल्या आमच्या घरातल्या लाकडी जमिनीचा. घर १९५०च्या दशकातलं. कार्पेट उचकटलं तर खाली रेड ओकच्या सव्वादोन इंची पट्ट्या, अगदी धडधाकट. आता त्यांवर फिनिश कुठलं द्यायचं?

ज्याला विचारावं तो म्हणतो, पॉलीयुरेथेन. तीन हात मार, चकाचक कर. आणि लगेच पुढचं वाक्य, "घर विकताना बरं पडतं." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो, आम्ही इथे राहायला आलोय! जो गिऱ्हाईक अजून जन्माला आलाय की नाही ठाऊक नाही, त्याच्या पसंतीसाठी मी माझ्याच घरात जपून पावलं टाकायची?

पॉलीयुरेथेन म्हणजे लाकडावर चढवलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा. तेलातलं घ्या, तर वास डोक्यात जातो आणि वर्षागणिक ते पिवळं पडतं. पाण्यातलं घ्या, तर काही तासांत सुकतं, रंग बदलत नाही, पैसे जास्त. पण दोन्ही पापुद्रेच. आणि पापुद्र्याची गोम अशी की एका जागी गेला तर तेवढ्याच जागी नीट होत नाही. ठिगळ दिसतंच. मग अख्खी खोली रिकामी करा, मशीन आणा, लाकूड लागेपर्यंत घासा. पाऊण इंची पट्टीत खाचेच्या वर जेमतेम पाव इंच लाकूड असतं, ते दर घासणीला कमी होतं. लाकूड उघडं पडायच्या आत वरवर घासून नवा हात दिला तर हे टळतं, खरं आहे. पण ते वेळेवर करणारं घर मी तरी पाहिलेलं नाही.

तेल लाकडात मुरतं. जवसाचं किंवा टंगचं तेल आणि त्यात मेण, असं हार्डवॅक्स ऑइल मिळतं. स्वयंपाकघराच्या दारात झिजलं? तेवढीच जागा पुसायची, हलकी घासायची, फडक्याने तेल चोळायचं. माणूस बोलवायला नको.

"आपल्याकडे हळद सांडते, त्याचं काय?" इति वहिनी. सांडते ना. डाग पडतो, खोटं कशाला बोलू. पण हळदीचा डाग उन्हात फिका होतो, हे आपल्या आयांनी पांढऱ्या कपड्यांवर कधीच सिद्ध केलंय! पाणी सांडलं तर लगेच पुसावं लागतं, आणि वर्दळीच्या जागी दर दोन-तीन वर्षांनी तेल द्यावं लागतं. द्यावं की. लोणच्याला नाही का आपण वरून तेल घालत?

आता चकाकीबद्दल. बाबा दरवर्षी सहा महिने इथे असतात. वय ८१, एका डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढायचाय. एका स्नेह्यांच्या चकचकीत दिवाणखान्यात ते दारातच थबकले आणि काठीने चाचपू लागले. पुढे पाणी सांडलंय की नुसता उजेड पडलाय, हेच त्यांना कळेना. सगळे "या ना काका" म्हणत होते आणि ते हसून "येतो, येतो" म्हणत तिथेच उभे. त्या दिवशी माझ्यापुरता वाद संपला.

"मग मॅट पॉलीयुरेथेन घे." चकाकी जाते, मान्य. पण पापुद्रा तोच, फक्त त्यात उजेड विखुरणारी बारीक पूड घातलेली.

(पॉलीयुरेथेन येण्याआधी इथल्या जमिनींना शेलॅक लावत, म्हणजे आपल्या सुतारांची चपडी लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. दुरुस्तीला फारच सोपी, पण पाण्याने पांढरे डाग पडतात. आमच्या घरातला चहा पाहता तो मोह आवरला.)

एक मात्र काटेकोर पाळा. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं आणि फडक्यांचा बोळा आपोआप पेटतो. फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत २३ फेब्रुवारी १९९१ला अशाच जवसाच्या तेलाच्या फडक्यांमुळे पेटली आणि अग्निशमन दलाचे तिघे जवान गेले. फडकी बाहेर सुटी सुटी पसरून कडक वाळू द्यायची, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवायची.

आमची सध्या कुंपणावर पसरलेली आहेत. शेजारीण विचारत होती, ड्रायर बिघडला का म्हणून.