विनोदकाराचे कौतुक, संपादकाची हत्या

अल्गोत उन्तोला यांना १९१८ साली ज्या वर्गाने गोळ्या घातल्या, त्याच वर्गाने पुढे त्यांच्या कादंबऱ्या आपल्या दिवाणखान्यात मांडल्या. लेखकाला मारायचे आणि त्याचे हास्य मात्र वारसा म्हणून मिरवायचे, ही भांडवली संस्कृतीची जुनी रीत आहे.

पूर्व फिनलंडमधील तोहमायार्वी येथे १८६८ साली जन्मलेले उन्तोला हे मूळचे शाळाशिक्षक. ‘माय्यु लास्सिला’ या स्त्री-नावाने त्यांनी १९१० साली लिहिलेली कादंबरी देशभर गाजली. शेजाऱ्याकडे आगकाड्या उसन्या आणायला निघालेला एक शेतकरी आणि त्यातून उठलेला अफवांचा धुरळा, एवढेच तिचे कथानक. भांडवली समीक्षकांना एवढेच उन्तोला हवे असतात. १९१६ पासून हेलसिंकीच्या ‘त्यॉमिएस’ या कामगार दैनिकात लिहिणारे उन्तोला म्हणजे त्यांच्या मते वाट चुकलेला कलावंत!

या युक्तिवादाचे उत्तर घटनाच देतात. जानेवारी १९१८ मध्ये फिनलंडच्या कामगारवर्गाने सत्ता हाती घेतली. एप्रिलमध्ये जर्मन फौजा हेलसिंकीत घुसल्या. सहकारी शहर सोडून गेले, तरी उन्तोला दैनिकाच्या कचेरीत लिहीत राहिले. ते पकडले गेले. १६ मे रोजी श्वेत सैन्याने राजधानीत विजयसंचलन केले आणि त्यानंतर पाचच दिवसांनी, २१ मे रोजी, सांताहामिना बेटाकडे नेत असताना त्यांना ठार करण्यात आले. कला निराळी आणि राजकारण निराळे, हा भेद मारेकऱ्यांनी केला नाही. तो सोयीस्करपणे नंतर शोधला गेला.

हिंसा दोन्ही बाजूंनी झाली, असेही सांगितले जाते. लाल बाजूकडूनही हत्या झाल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु उन्तोलांच्या हाती बंदूक नव्हती, लेखणी होती. आणि त्यांना मारले गेले ते युद्ध संपल्यावर. त्याच उन्हाळ्यात सुमारे ८०,००० लाल कैदी छावण्यांत कोंडले गेले व त्यांतील १२,००० हून अधिक उपासमारीने आणि रोगराईने मेले. लढाईच्या धुमश्चक्रीत घडलेली ही चूक नव्हे. विजयी वर्गाने थंड डोक्याने उगवलेला हा सूड होता.

उन्तोलांची कादंबरी अवश्य वाचावी आणि मनसोक्त हसावे. गरीब शेतकऱ्याच्या संसाराकडे इतक्या जवळून पाहणारी दृष्टीच त्यांना कामगारांच्या दैनिकाकडे घेऊन गेली. म्हणूनच मुखपृष्ठावरील टोपणनावामागचा तो संपादक विस्मृतीत ढकलू न देणे, हे कामगारवर्गीय पत्रकारितेचे कर्तव्य ठरते.