मायक्रोवेव्हची भीती चुकीच्या जागी

मायक्रोवेव्ह ओव्हनमधले अन्न खाल्ल्याने कर्करोग होतो, असे संदेश अधूनमधून फिरत असतात. ते वाचून घाबरणाऱ्या घरातच ओव्हन बिघडला की कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचे झाकण उघडतो. नको तिथे भीती आणि हवी तिथे बेफिकिरी, असा हा उलटा प्रकार आहे.

ओव्हनमधल्या लहरी मॅग्नेट्रॉन नावाच्या निर्वात नळीत तयार होतात. तिची रचना समजायला अजिंठा आठवावा. तिथे वाघूर नदी घोड्याच्या नालासारखी वळते आणि वळणावरच्या कड्यात लेणी कोरलेली आहेत. मॅग्नेट्रॉनमध्ये कड्याच्या जागी तांब्याचे वलय असते आणि लेण्यांच्या जागी त्यातल्या पोकळ्या. मधोमध तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात. सुमारे ४,००० व्होल्टचा दाब त्यांना सरळ वलयाकडे ओढतो; पण वर-खाली बसवलेली चुंबके त्यांची वाट वळवतात. मग ते पोकळ्यांच्या तोंडांवरून गोल फिरतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते; तशीच या पोकळ्यांत विद्युत आंदोलने सुरू होतात, सेकंदाला सुमारे २४५ कोटी. इलेक्ट्रॉन बरीचशी ऊर्जा या लहरींना देतात आणि शेवटी तांब्यावर आदळून थांबतात. अन्नापर्यंत पोहोचतात त्या फक्त लहरी.

त्यांच्या एका कणाची ऊर्जा घरातल्या दिव्याच्या प्रकाशकणापेक्षाही लाखपटीने कमी असते. डीएनए तोडणे तिच्या आवाक्यात नाही. अन्नातले पाण्याचे रेणू हलवून ती ते तापवते. ओव्हन बंद झाला की लहरीही संपतात. अन्न किरणोत्सारी होत नाही. उलट, मुंबईतल्या ‘समीर’ या सरकारी संस्थेने कर्करोगावरील उपचारांसाठी विकसित केलेल्या रेषीय प्रवेगकांतही लहरींचा स्रोत मॅग्नेट्रॉनच आहे.

धोका आहे तो वेगळ्या ठिकाणी. इलेक्ट्रॉनना ओढणारा तो उच्च दाब देणाऱ्या मंडलात एक कपॅसिटर असतो. प्लग काढल्यावरही त्यात विद्युतभार साठून राहू शकतो आणि त्याचा धक्का जीवघेणा ठरू शकतो. दार वाकले असेल किंवा नीट बंद होत नसेल, तर लहरी बाहेर येऊन भाजू शकतात. शिवाय अन्न सगळीकडे सारखे तापत नाही; बाटली कोमट लागली तरी आतले दूध बाळाचे तोंड पोळण्याइतके गरम असू शकते.

म्हणून ओव्हन वापरायला हरकत नाही. बाळाचे दूध ढवळून, थेंब मनगटावर टाकून पाहावे. दार बिघडले तर वापर थांबवावा. झाकण मात्र प्रशिक्षित तंत्रज्ञानेच उघडावे. कपॅसिटरचा इशारा बारीक इंग्रजीत छापून भागत नाही. तो ओव्हनच्या पाठीवर ठळक मराठीत असायला हवा. अफवा खोडण्याइतकेच तेही आरोग्याचे काम आहे.